वहिनीची झोप आणि सातवं दाभण

आमचं गाद्यांचं दुकान आहे. "आम्ही झोप विकतो," असं दादा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो आणि गिऱ्हाईक हसतं. तीस वर्षं मी हा विनोद ऐकतेय. मला आता हसू येत नाही, आणि गेल्या वर्षी जे झालं त्यानंतर तर मुळीच येत नाही.

खाली दुकान, मागे कारखाना, वर तीन खोल्या. एकीत दादा-वहिनी, शेजारच्या खोलीत मी, मधे कागदासारखी पातळ भिंत. तिसरीत स्वयंपाक. मी लग्न केलं नाही. का, ते विचारू नका. विचारणाऱ्यांशी मी आजवर कधी नीट बोललेली नाही. दादा कापूस पिंजायचं मशीन चालवतो, मी कापड बेतते आणि खोळी शिवते, आणि वहिनी गादी भरून तिला टाके घालते. म्हणजे खरी गादी तिचीच. आम्ही दोघं आपले हमाल.

वहिनी मला "वन्सं" म्हणते आणि अहो-जाहो करते. मी तिला तू म्हणते. खरं तर ती माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी, पण नणंदेचा मान तो मान. फक्त खरोखर भडकली की ती माझ्याशी "तू"वर येते. पंचवीस वर्षांत असं मोजून चार-पाच वेळा झालंय, आणि प्रत्येक वेळी चूक माझीच होती असं तिचं म्हणणं आहे.

तिच्या हातांबद्दल सांगायलाच हवं. कापूस कितीही पिंजला तरी त्यात कुठेतरी गाठ राहतेच, आणि ती तशीच भरली तर झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते. वहिनी डोळे मिटून कापसावरून तळवा फिरवते आणि मोहरीएवढी गाठसुद्धा बरोबर उचलून बाहेर टाकते. "हिच्या हाताला लागली नाही अशी गाठ अजून जन्माला यायचीय," असं आमचे बाबा चारचौघांत सांगायचे. मला ते कापड बेतायला शिकवताना एकदाही असलं काही बोलले नव्हते, तेव्हा मला थोडा रागही यायचा.

बाबांचाच एक नियम होता. टाके घालायची दाभणं सात. लांबलचक, जाड, माणसाच्या पंजाएवढी. कारखान्याच्या भिंतीवर लोकरीचा एक जाड तुकडा ठोकलाय, संध्याकाळी साती दाभणं त्यात खोचायची, मोजायची आणि मोठ्यानं "सात!" म्हणायचं. त्याशिवाय दुकानाचं शटर ओढायचं नाही. गादीत दाभण राहून गेलं तर उद्या कुणाच्या तरी पाठीत घुसेल. बाबा गेल्यावर "सात!" म्हणायचं काम वहिनीकडे आलं. ती ते असं म्हणायची की समोरच्या केशकर्तनालयातला न्हावी आपलं घड्याळ लावायचा.

अडीच वर्षांपूर्वी मी तिला नवे कपडे शिवायला माप घेत होते. टेप काखेखालून नेताना माझ्या बोटाला काहीतरी लागलं. मी म्हटलं, "वहिनी, हे काय गं?" तिनं स्वतः हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. ती गाठ कापसातली असती तर तिला कारखान्याच्या दुसऱ्या टोकावरून कळली असती.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक असेल, हल्ली घरोघरी कुणीतरी यातून गेलेलं असतं. ऑपरेशन, किमो, मग रेडिएशनचा शेक. अकरा महिने. केस गेले, तोंडाची चव गेली, नखं काळी पडली. पण झोप मात्र गेली नव्हती. त्या अकरा महिन्यांत ती खुर्चीत झोपायची, हॉस्पिटलच्या बाकावर झोपायची, मी काही सांगत असताना तर हमखास झोपायची. मुळातच झोपाळू बाई, पाठ टेकली की ढाराढूर.

मग एक दिवस डॉक्टरबाई म्हणाल्या, "संपले उपचार. आता रोज एक गोळी आणि दर तीन महिन्यांनी तपासणी." आम्ही घरी आलो. गल्लीतल्या सगळ्यांनी "सुटलात बाई! आता निवांत झोपा" म्हणून सांगितलं. दादानं तिच्यासाठी नवी गादी भरली, आठवडाभर खपून. आणि त्या गादीवर पहिल्या रात्रीपासून तिला झोप लागली नाही.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं, आणि त्याला कारण एक शब्द.

दर तीन महिन्यांनी मी तिच्याबरोबर तपासणीला जायचे. डॉक्टरबाई भल्या आहेत, पण बाहेर पन्नास माणसं बसलेली. त्या कागदावर डोळे ठेवून भराभरा विचारायच्या.

"हाताला काही लागतं का?"

"नाही."

"भूक लागते का?"

"लागते."

"झोप लागते का?"

"लागते."

की पेन चाललं. भूक चांगली, झोप चांगली, पुढचा पेशंट. मीही शेजारी बसून खूश व्हायचे. बाहेर आल्यावर दादाला फोन करायचे, "सगळं छान आहे रे!"

आता दिवसा मला काही दिसत नव्हतं का? दिसत होतं. डोळ्यांखाली काळं, चहात दोनदा साखर, बोलता बोलता मधेच गप्प. मला वाटलं, औषधांचा थकवा असेल. एकदा मी थट्टेत म्हटलंसुद्धा, "वहिनी, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. लोकांनी हे मनावर घेतलं तर आपलं दुकान बसेल." ती म्हणाली, "धोंडाही करून पाहिला, वन्सं." मी हसले. ती फरशीवर झोपून पाहिल्याचं सांगत होती, आणि मी मूर्ख हसले.

रात्री भिंतीपलीकडून दादाचं घोरणं मात्र ऐकू यायचं. हे घोरणं मी लहानपणापासून ऐकतेय. आमचा दादा म्हणजे कुंभकर्ण. आधी घरघर, आणि श्वास सोडताना शेवटी बारीक शिट्टी. गेलं वर्षभर ती शिट्टी ऐकू येत नव्हती. मला वाटलं, वय झालं, शिट्टी गेली.

मग पाळणाघराची ऑर्डर आली. लहान मुलांच्या बारा गाद्या, हातभर रुंद. नवं पाळणाघर, आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. वहिनीनं दोन दिवसांत बाराच्या बारा भरून टाके घातले. संध्याकाळी दादानं त्या पोहोचवल्या, वहिनीनं भिंतीकडे बघून "सात!" म्हटलं, शटर बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखाना झाडत होते. सहज भिंतीकडे लक्ष गेलं. सहा.

मी परत मोजली. सहा. मशीनखाली पाहिलं, कापसाच्या ढिगात पाहिलं, लोहचुंबक घेऊन सगळी फरशी पालथी घातली. वहिनी दारात उभी होती. मी ओरडलेच, "काल सात म्हणालीस ना तू? डोळे कुठे होते तुझे?"

ती म्हणाली, "मला आठवत नाही, वन्सं. म्हटलं का मी?"

तिचा आवाज ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. घड्याळात साडेदहा वाजले होते. पाळणाघरातली मुलं एक वाजता जेवून झोपतात. दादा कापूस आणायला गावाबाहेर गेलेला. मी चुंबक पिशवीत टाकलं, वहिनीचा हात धरला आणि आम्ही दोघी निघालो.

वाटेत मी तिला बजावलं, "तिथे तोंड उघडू नकोस. मी सांगते, एक-दोन टाके सैल राहिलेत, तपासायला आलोय. एवढ्यानं काही बिघडत नाही." पाळणाघराच्या बाईंनी दार उघडलं, मी गोड हसून "टाके..." एवढं म्हणते तोवर वहिनी मागून म्हणाली, "माझं दाभण एका गादीत राहिलंय. मुलांना झोपवू नका."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता आमचा उद्धार होतो. पण त्या फक्त म्हणाल्या, "शोधा. आधी शोधा."

मुलं बाहेरच्या खोलीत गाणी म्हणत होती. आत बारा गाद्या ओळीनं घातलेल्या, प्रत्येकीवर इवलीशी उशी. मी चुंबक काढलं आणि पहिल्या गादीवर फिरवायला लागले. कशाचा पत्ता नाही; फरशी झाडायचं चुंबक ते, एवढ्या कापसातून काय ओढणार? वहिनी गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले आणि तळवे टेकले. एक गादी. दुसरी. तिसरी. घाई नाही, कंटाळा नाही. मला घड्याळाशिवाय काही दिसत नव्हतं. नवव्या गादीवर तिचा हात थांबला.

"लागलं," ती म्हणाली.

मी उसवलं. अगदी मधोमध, कापसात आडवं पडलेलं, दोरा ओवलेलं दाभण. उशीच्या जरा खाली. मूल पालथं झोपलं असतं तर छाती तिथेच आली असती.

वहिनीनं ते दाभण हातात घेतलं आणि त्या एवढ्याशा गादीवर बसून ती हमसून हमसून रडायला लागली. उपचारांच्या अकरा महिन्यांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. मला वाटलं, घाबरली. म्हटलं, "अगं सापडलं ना! कुणाला काही झालं नाही."

"मी झोपत नाही, वन्सं," ती म्हणाली. "वर्ष झालं. रात्री तास-दोन तास, तेही तुकड्या-तुकड्यांनी. त्या गोळीनं अंगातून वाफा निघतात, कपडे भिजतात. ते एक वेळ सोसेन. पण डोळा लागायला लागला की मी दचकून उठते."

"का पण?"

"ती गाठ सात-आठ महिने वाढत होती म्हणाल्या डॉक्टरबाई. ते सात-आठ महिने मी काय करत होते? ढाराढूर झोपत होते. कापसातली मोहरीएवढी मला सापडते आणि स्वतःच्या अंगातली सापडली नाही. आता परत झोपले आणि परत आली तर? उपचार चालू होते तेव्हा इतके लोक लक्ष ठेवून होते, तेव्हा झोपत होते मी. आता कोण आहे? मीच ना?"

मी म्हटलं, "पण डॉक्टरबाईंना तू लागते म्हणून सांगत होतीस!"

डोळे पुसत ती म्हणाली, "लागतेच की. सगळ्यांनाच लागते झोप. पहिल्यांदा खरंच तसंच वाटलं मला, की त्या विचारतायत, गरज वाटते का. मग कळलं, त्यांनी भलतंच लिहून घेतलं. पण तुमचा चेहरा इतका खुलला होता, वन्सं! बाहेर जाऊन लगेच फोन केलात. म्हटलं, राहू दे. दमलेत सगळे. आणि खरं सांगितलं तर परत तपासण्या, परत काहीतरी निघायचं."

पाळणाघराच्या बाईंनी बाराही गाद्या वहिनीच्या हातानं पुन्हा तपासून घेतल्या, स्वतः समोर उभं राहून. निघताना म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलला असतात तर मी सगळ्या परत पाठवल्या असत्या." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी पायांकडे पाहिलं.

संध्याकाळी दादा आला, जेवायला बसला. मला पोटात काही ठेवता येत नाही. म्हटलं, "दादा, तुझी बायको वर्षभर झोपलेली नाही. तुला पत्ता तरी आहे का? तू आपला खुशाल घोरतोस!"

दादा घास हातात धरून म्हणाला, "माहीत आहे."

वहिनीनं मान वर केली. "कसं माहीत? तुम्ही तर झोपलेले असता."

"नसतो." दादा ताटाकडे बघत बोलत होता. "तू कूस बदलतेस, उठतेस, खिडकीशी बसतेस, सगळं कळतं मला. मी जागा आहे हे कळलं तर तुला वाटेल, आपल्यामुळे यांची झोप मोडली. म्हणून घोरतो."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शिट्टी! खोट्या घोरण्याला शिट्टी कुठून येणार? झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही म्हणतात. इथे दोघं शेजारी-शेजारी सोंग घेऊन वर्षभर पडून होती, आणि तिसरी भिंतीपलीकडे ऐकत होती आणि वय झालं म्हणत होती.

वहिनीला आधी हसू फुटलं. अंगभर हसली. आणि मग म्हणाली, "अहो, त्या घोरण्यानं तर माझा जीव जायचा. वाटायचं, सगळं जग झोपलंय आणि मी एकटीच जागी आहे." दादानं घास खाली ठेवला. त्या दिवशी तिघांचीही ताटं तशीच राहिली.

पुढच्या तपासणीला दुकान बंद ठेवून आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाईंनी नेहमीसारखं डोळे कागदावर ठेवून विचारलं. हाताला काही लागतं का? नाही. भूक लागते का? लागते. झोप लागते का?

"लागते हो डॉक्टर," वहिनी म्हणाली. "पण येत नाही."

पेन थांबलं. डॉक्टरबाईंनी वर पाहिलं, मग मागची पानं उलटली. चार वेळा "झोप चांगली" लिहिलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "मला नीट सांगा." बाहेरचे पन्नास जण त्या दिवशी ताटकळले असतील, मला त्यांची अजिबात दया आली नाही.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हे पुष्कळांना होतं, उपचार संपल्यावर तर जास्तच. पण बहुतेक जण सांगत नाहीत, आणि आम्ही घाईत विचारतो. एक ऐका. तुम्ही झोपलात म्हणून ती गाठ वाढली नाही. जाग्या असतात तरी वाढलीच असती. आणि आता जागरण करून काही टळणार नाही. लक्ष ठेवायचं काम आमचं आहे, म्हणून तर तपासण्या आहेत." पदराशी चाळा करणारे वहिनीचे हात थांबले.

गोळीची वेळ त्यांनी बदलून दिली आणि झोपेचं बघणाऱ्या सिस्टरकडे पाठवलं. सिस्टरनं जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं, हे कसलं औषध? दिवसा झोपायचं नाही. रात्री बाराच्या आत अंथरुणावर जायचं नाही. झोप नाही आली तर जागं पडून राहायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं, डोळे जड झाले की परत जायचं. काळज्या संध्याकाळी पाच वाजता कागदावर लिहून टाकायच्या. आणि रात्र कशीही जावो, सकाळी सहाला उठायचं म्हणजे उठायचं. "थोडक्यात, गादीपासून लांब राहा," दादा म्हणाला, "हे गादीवाल्याला सांगताय!" सिस्टर हसली. नवं गिऱ्हाईक मिळालं त्याला.

सहाला दार वाजवायचं काम माझ्याकडे आलं. खडूसपणाचं काम असलं की ते माझ्याकडेच येतं.

पहिले दोन आठवडे काय सांगू! वहिनी दिवसा उभ्या उभ्या पेंगायची, म्हणून तिच्या हातात दाभण द्यायचंच नाही असं आम्ही ठरवलं. टाके मी घातले, वाकडेतिकडे. ती शेजारी बसून नावं ठेवायची. "सात!" म्हणायचं कामही मी केलं, न्हाव्याला ते पसंत पडलं नाही. दादानं मात्र घोरणं सोडलं. भिंतीपलीकडून आता त्याचा आवाज यायचा, हळू, "मी जागा आहे. तू झोप." एवढंच. ती खुर्चीत जाऊन बसली की हाही उठून बसायचा. "सिस्टरनं हे सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. तो म्हणाला, "सिस्टर काही हिचा नवरा नाही."

हळूहळू दोन तासांचे तीन झाले. मग एक रात्र परत कोरडी गेली. मग साडेतीन. तिच्या पाच वाजताच्या कागदावर आधी दोन्ही बाजू भरायच्या, मग एक पुरायला लागली. मी ते कागद वाचले नाहीत. एकदाच वाचला. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "वन्संचे टाके."

आणि मग गेल्या महिन्यातली ती सकाळ. मला सहाच्या आधीच जाग आली. भिंतीला कान लावायची गरजच नव्हती. घरघर, घरघर, आणि शेवटी बारीक शिट्टी. वर्ष-दीड वर्षानं. मी अंथरुणातच उठून बसले. त्या घोरण्याच्या खाली आणखी एक आवाज होता, अगदी हलका, सावकाश. वहिनीचा. दोघंही झोपली होती. राखण करायला कुणीच जागं नव्हतं. मी जागी राहिले.

सहा वाजले. मी त्यांच्या दाराशी गेले, हात वर केला, आणि हात काही खाली येईना. नियम म्हणजे नियम, मला कळतं. पण पाच मिनिटं मी पदरची घातली. मग दार वाजवलं, नेहमीसारखं दणदणून.

आतून काहीतरी आपटलं. दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, आणि डोळे असे की मला खाऊ की गिळू.

"काय गं कटकट आहे तुझी!" वहिनी माझ्यावर खेकसली. "माणसाला जरा झोपू देशील की नाही?"

"नाही," मी म्हटलं. "सहा म्हणजे सहा." आणि स्वयंपाकघरात जाऊन, चहाचं आधण ठेवून, तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मनसोक्त रडून घेतलं.